मदत रुपयांत, महागाई किलोत



भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ बोलायला उभं राहणाऱ्याची एक पंचाईत असते. विषय कुठलाही घेतला तरी त्यात त्यांनी आधीच काहीतरी करून ठेवलेलं असतं. शिक्षण म्हणाल तर 1932 सालची शिवाजी शिक्षण संस्था. शेती म्हणाल तर 1952 ते 1962 अशी दहा वर्षं देशाचं कृषिमंत्रिपद. संघटन म्हणाल तर 1955 चा भारत कृषक समाज. मी आज घेतलेला विषयही अखेर त्यांच्याच वावरातला निघाला. विषय आहे भावाचा. वस्तूंचे भाव चढले की घर कसं चालतं, ते चालावं म्हणून सरकार काय देतं, आणि दिलेलं हातात पडेपर्यंत त्यातलं उरतं किती.

मी राजकीय भाषण करणार नाही. योजना कोणत्या पक्षाने आणली, फोटो कुणाचा छापला, पिशवी कोणत्या रंगाची होती, यात मला रस नाही. सगळ्यांनी योजना आणल्या आणि सगळ्यांनी पिशव्या वाटल्या. मला बोलायचं आहे ते मापाबद्दल. मदत कुठल्या मापाने मोजून द्यायची? रुपयाने की किलोने? हिशेबाच्या वहीतला वाटणारा हा प्रश्न वऱ्हाडातल्या घराच्या पोटाशी कसा येतो, ते सांगायचा प्रयत्न करतो. बोलण्याचे तीन टप्पे आहेत. तिसरा जास्त वेळ घेईल, तेव्हा पहिल्या दोन टप्प्यांत चुळबूळ करू नका.

पहिला टप्पा जुन्या काळाचा.

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचं, साल ठरायचं. काही गावांत अजूनही ठरतं. त्या ठरावात रोख रक्कम असे, कपडा-जोडा असे आणि ज्वारी असे. ज्वारी मण-पायलीच्या मापात ठरलेली. त्या बोलणीत सालदाराचं शोषण नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते भरपूर होतं. उचल घेतलेला माणूस सालोसाल त्याच वाड्यावर अडकून पडे. पण एक गोष्ट त्यात होती. ज्वारी महाग झाली तरी त्याच्या घरात येणारी ज्वारी कमी होत नव्हती. महागाईचा तेवढा भार मालकाच्या कणगीवर पडे. अर्थशास्त्राचं एक पानही न वाचलेल्या दोन माणसांनी मजुरी भावाला बांधून ठेवली होती.

गंमत म्हणजे, इंग्रज सरकारलाही हेच करावं लागलं. 1876-77 च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपलच्या धोरणाने मजुरी कापली गेली. पुरुषाला दिवसाला एक आणा आणि एक रतल धान्याची किंमत, म्हणजे आजच्या मापात साडेचारशे ग्रॅम धान्याचे पैसे. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक आणा आणि साडेचारशे ग्रॅम! तेव्हा हजारो मजुरांनी कामं सोडली. पुणे सार्वजनिक सभेने निवेदनांवर निवेदनं धाडली. पुढे 1880 चा दुष्काळ आयोग झाला, त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता निघाल्या, आणि मजुरीचा हिशेब स्थानिक बाजारातल्या हलक्या धान्याच्या भावावरून करायचा असं ठरलं. इतकं धान्य म्हणजे एक दिवसाची मजुरी. धान्याचा भाव चढला की मजुरीचे पैसे चढणार. हात आखडताच होता, पण मापाचं तत्त्व परक्या सरकारनेही मान्य केलं होतं.

वऱ्हाडात याचं महत्त्व का? कारण आपलं घर फार लवकर बाजाराला जोडलं गेलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. खामगाव, अकोला, कारंजा, अमरावती ही नावं विलायतेतल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. आगगाडी आली, जिनिंग-प्रेसिंग आले, वावरात ज्वारी हटली आणि कपाशी चढली. तेव्हापासून वऱ्हाडी घर दोन दारांचं झालं आहे. एका दाराने कापूस बाहेर जातो, दुसऱ्या दाराने धान्य आत येतं. दोन्ही दारांवरचा भाव दुसराच कुणीतरी ठरवतो. याच अमरावतीत डिसेंबर 1897 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. त्या वेळी लोक एका दुष्काळातून नुकते उठत होते आणि दोनच वर्षांत 1899-1900 चा त्याहून मोठा दुष्काळ त्यांच्यावर येणार होता. कापसाचं सोनं पिकवणाऱ्या मुलखात माणसं अन्नावाचून मेली, कारण धान्य विकत घेण्याजोगा पैसा मजुराच्या हाती नव्हता.

ही दोन दारं लक्षात असू द्या. तिसऱ्या टप्प्यात ती लागतील.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातली एकच आठवण काढतो आणि पुढे जातो. 1972 मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती झाली. लाटणी घेऊन बाया रस्त्यावर आल्या, थाळ्या बडवल्या. त्यांनी काय मागितलं होतं? गोडेतेल द्या, साखर द्या, रॉकेल द्या, धान्य द्या, आणि ते रास्त भावात द्या. आमच्या खात्यात दोनशे रुपये टाका, असं त्यांतली एकही बाई म्हणाली नाही. खाती नव्हती हे खरं. पण संसार चालवणाऱ्या बाईला माप कळत होतं, हेही खरं.

आता दुसरा टप्पा. आजच्या मदतीचं माप काय आहे?

2013 चा अन्नसुरक्षा कायदा घ्या. अंत्योदय कार्डाला घरामागे 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरड धान्य 1 रुपया. जानेवारी 2023 पासून तेही माफ, धान्य फुकट. टीका करणारे पुष्कळ आहेत. फुकट खायची सवय लागली, मजूर मिळत नाही, कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ विकतात, हे सगळं मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकतो. तांदूळ विकला जातो हे खरं आहे, आणि का विकला जातो ते ज्वारी खाणाऱ्या मुलखाला मी सांगायची गरज नाही. पण या कायद्याचं एक वैशिष्ट्य कुणी सांगत नाही. त्यातली मदत किलोत लिहिलेली आहे. बाजारात गहू 20 रुपये असो की 40 रुपये, 5 किलो म्हणजे 5 किलो. महागाईला या मदतीचा लचका तोडता येत नाही.

आता याच्या शेजारी दुसरं कार्ड ठेवा. केशरी कार्ड.

2015 मध्ये राज्य सरकारने शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्हे निवडले. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच, आणि वर्धा. या जिल्ह्यांत ज्यांच्याकडे केशरी कार्ड आणि सातबारा आहे, पण जे अन्नसुरक्षेच्या यादीत बसत नाहीत, अशा कास्तकारांना माणशी 5 किलो धान्य त्याच 2 आणि 3 रुपये दराने द्यायला सुरुवात झाली. चांगला निर्णय होता. 2022 मध्ये केंद्राकडून या योजनेचं धान्य मिळणं थांबलं आणि वाटप बंद पडलं. मग 2023 मध्ये तोडगा निघाला की धान्याऐवजी पैसे द्यायचे. माणशी महिन्याला 150 रुपये, थेट बँकेत. 2024 मध्ये ते 170 झाले.

170 ला 5 ने भागा. किलोला 34 रुपये. आज इथून घरी जाताना कुठल्याही किराणा दुकानासमोर थांबा, ज्वारीचा भाव विचारा, बऱ्या गव्हाचा विचारा, आणि हा हिशेब तुमचा तुम्हीच पुरा करा. पण माझी खरी तक्रार 34 या आकड्याबद्दल नाही. एक वेळ समजू की 34 आज बरोबर आहे. पुढच्या वर्षी? 170 चे 180 कधी होतील, कोण करील, कोणत्या हिशेबाने करील? तसा कुठलाही नियम नाही. कुणीतरी विधानसभेत प्रश्न विचारील, कुणी मोर्चा काढील, मग फाइल हलेल. 5 किलोचे 150 रुपये झाले त्या दिवशी महागाईला त्या घराच्या ताटात हात घालायची मोकळीक मिळाली. कुणी आवाज केला नाही, कारण त्या दिवशी कुणाचं काही कमी झालं नव्हतं. कमी होणार होतं पुढे, दर महिन्याला, थोडं थोडं.

असे आकडे किती सांगू? केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वर्षांच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आहे महिन्याला 200 रुपये. 2007 सालीही तो 200 होता. तेव्हा जन्मलेली मुलगी आता मतदान करते! उरलेला भार राज्य उचलतं, म्हणून संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत बहुतेकांना 1500 रुपये मिळतात. तेही 600 वर वर्षानुवर्षे अडकले होते, 2019 मध्ये 1000 झाले, 2023 मध्ये 1500. शिवभोजन थाळी घ्या. 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. जेवणारा 10 रुपये देतो आणि शहरात सरकार वर 40 घालतं, खेड्यात 25. थाळीची किंमत 50 आणि 35 अशी त्या वर्षी ठरली. त्यानंतर तेल कुठे गेलं, डाळ कुठे गेली, सिलिंडर कुठे गेलं! थाळी मात्र 50 लाच. मग वरण पातळ होतं. केंद्र चालवणाऱ्या बचत गटाच्या बाईला दोष देऊ नका, आकड्याला द्या. त्याआधी 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली होती. ती केंद्रंही काही वर्षांतच विस्कटली. एक रुपया ही घोषणा होती, हिशेब नव्हता.

आणि आता अशी एक गोष्ट, जिच्यामुळे समोरची प्राध्यापक, शिक्षक, बँकवाली मंडळी थोडी अस्वस्थ होतील. रागावू नका, मीही त्यातलाच आहे, पेन्शनर आहे. आपल्याला महागाई भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगात 2016 मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता शून्यापासून सुरू झाला आणि जुलै 2025 मध्ये 58 टक्क्यांवर पोचला. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै, निर्देशांक बघायचा, टक्का वाढवायचा. राज्यही मागोमाग देतं. मोर्चा लागत नाही, आत्मदहनाचा इशारा लागत नाही. म्हणजे महागाईशी मदत कशी बांधायची हे सरकारला येत नाही, असं कुणी म्हणू नये. चांगलं येतं. शंभर टक्के येतं. फक्त ते कुणासाठी करायचं हे ठरलेलं आहे.

एक अपवाद आहे आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या अभिमानाचा आहे. रोजगार हमी. वि. स. पागे यांनी मांडलेली, 1972-73 च्या दुष्काळात वाढलेली, 1977 मध्ये कायदा झालेली आणि 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आलेली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. पुढे केंद्राने 2005 मध्ये देशासाठी कायदा केला आणि त्याची मजुरी शेतमजुरांच्या निर्देशांकाशी जोडली. म्हणून महाराष्ट्रात ती 2023-24 मध्ये 273, 2024-25 मध्ये 297 आणि 2025-26 मध्ये 312 रुपये झाली. कमी होती, पण महागाईबरोबर चढत होती.

आता याच 312 ची एक गोष्ट ऐका. प्राधान्य कार्डासाठी खेड्यातल्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा किती? 44 हजार रुपये. शहरात 59 हजार. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना ठरलेली. 312 रुपयांनी 141 दिवस काम केलं की 44 हजार होतात. म्हणजे नवरा-बायको दोघं वर्षातले एकाहत्तर-एकाहत्तर दिवस सरकारी कामावर गेले की सरकारच्याच कागदावर ते गरीब राहत नाहीत. मजुरी महागाईबरोबर चढली, गरिबीची रेघ जिथे होती तिथेच राहिली, आणि चढणारी मजुरी माणसाला रेघेच्या बाहेर ढकलते. शिवाय नव्या सुनेचं, नव्या बाळाचं नाव घालायला तहसिलीत जा, उत्तर ठरलेलं, इष्टांक (म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) संपला. राज्याला दिलेला सुमारे 7 कोटींचा इष्टांक 2011 च्या जनगणनेवरचा आहे. त्यानंतरही मुलं जन्मली, हे पुरवठा विभागाच्या कानावर घालायला हवं.

आणि लाडकी बहीण? सभागृहात कुजबुज सुरू झाली, म्हणजे याचीच वाट बघत होतात. जून 2024 च्या अर्थसंकल्पात घोषणा, ऑगस्टमध्ये पहिले पैसे, महिन्याला 1500, वर्षाचा अंदाज 46 हजार कोटी. मी या योजनेच्या विरोधात नाही. बाईच्या नावावर पैसा येणं, तोही कुणाच्या पाया न पडता येणं, याची किंमत ज्याच्या घरात बाईला मिठाच्या पुड्यासाठी हात पसरावा लागला त्याला विचारा. पण तिचंही माप रुपयाचं आहे. 1500 चे 2100 करू असं आश्वासन निवडणुकीत दिलं गेलं. का 2100? 1900 का नाही, 2300 का नाही? याला निर्देशांकाचा आधार नाही, तो लिलावातला आकडा आहे. आपल्याकडची मदत महागाईच्या पंचांगाने वाढत नाही, निवडणुकीच्या पंचांगाने वाढते. आणि तिजोरी तंग झाली की आधी आनंदाचा शिधा जातो. रवा, साखर, हरभरा डाळ, तेल, 100 रुपयांत. 2022 च्या दिवाळीत आला आणि 2025 च्या दिवाळीत आला नाही.

मग सगळं धान्यच द्यावं का? नाही. मेळघाटाकडे बघा. धारणी-चिखलदऱ्यात पावसाळ्याचे चार महिने कोरकू घराच्या हाती काम नसतं. त्यासाठी 1978 पासून खावटी कर्ज होतं. 2020 मध्ये त्याचं खावटी अनुदान झालं, 4000 रुपये. त्यातले 2000 खात्यात आणि 2000 चं सामान. मटकी, चवळी, डाळ, तेल, साखर, तिखट, मीठ, चहा. निम्मं-निम्मं. कल्पना मला शहाणपणाची वाटते. वस्तू पोटासाठी, रोकड औषधासाठी आणि एसटीच्या तिकिटासाठी. पण कंट्रोलवरच्या यंत्राला जिथे डोंगरात रेंज मिळत नाही तिथे किलोही अडकतो आणि बँक तालुक्याला असते तिथे रुपयाही अडकतो. नुसतं माप बदलून रस्ता होत नाही, एवढं कबूल करून मी तिसऱ्या टप्प्याकडे येतो.

मघाची दोन दारं आठवा.

दिल्लीत बसून महागाई म्हणजे काय दिसतं? निर्देशांक दिसतो. 2012 पायाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा खेड्यात 54 टक्के आणि शहरात 36 टक्के धरला होता. म्हणजे डाळ-तेल चढलं की खेड्याला जास्त लागतं, हे सरकारच्याच आकड्यांत आहे. पण शहराला लागलं की आवाज होतो. आवाज झाला की सरकार काय करतं? साठ्यावर मर्यादा घालतं, निर्यात रोखतं, आयात मोकळी करतं. ग्राहकाला मदत. बरोबर? पण हा ग्राहक कोण आणि मदतीचा पैसा कुणाच्या खिशातला?

तूर घ्या. 2015 च्या दसरा-दिवाळीत तुरीची डाळ 200 रुपये किलोवर गेली. देशभर ओरड झाली. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी आयातीचा करार झाला. इकडे भाव बघून आपल्या कास्तकाराने सोयाबीनमध्ये, पऱ्हाटीत, जिथे जागा दिसली तिथे तूर टाकली. पाऊस चांगला झाला. 2017 च्या जानेवारीत तूर आली ती अशी आली की अकोला, अमरावतीच्या बाजार समित्यांत पोत्यांना जागा राहिली नाही. हमीभाव बोनससह 5050, बाजारात त्याच्या बराच खाली. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही, काटा बंद, ट्रॅक्टर रांगेत, माणसं पोत्यावर झोपलेली. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे भाऊ-काका त्या रांगेत होते. 22 एप्रिलला खरेदी थांबवली, आरडाओरड झाली, पुन्हा सुरू झाली. ज्या कास्तकाराने 2015 मध्ये 200 रुपयांची डाळ विकत घेतली त्यानेच 2017 मध्ये तूर मातीमोल दिली. दोन्ही दारांनी मारला गेला तोच.

या अकोल्याची ओळख डाळ मिलची. आपल्याच वावरातली तूर तिथे भरडली जाते, पॉलिश होते, आणि पाकिटात बसून आपल्याच गावच्या दुकानात परत येते. मे 2021 मध्ये तुरीची आयात मोकळी झाली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. 2023 च्या जूनमध्ये साठामर्यादा आली. शहरातल्या वरणासाठी हे झालं, मी समजू शकतो. पण त्या वरणाची वर्गणी दर्यापूरच्या कास्तकाराकडून घेतली गेली, हे कुणी त्याला सांगितलं का?

सोयाबीनचं तसंच. सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कास्तकाराला वाटलं, चला, कुणाला तरी आपली आठवण आली. पण त्या हंगामात 4892 चा हमीभाव बाजाराने क्वचितच दाखवला. आणि 30 मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्के केलं. तारीख बघा. 30 मे. मृगाला आठवडा राहिलेला, बियाण्याच्या बॅगा घरी येऊन पडलेल्या. कापसाचं तर त्याहून चोख. 19 ऑगस्ट 2025 ला कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे वेचणी कधी सुरू होते? दसऱ्याच्या आसपास. घरातला बहुतेक कापूस कधी विकला जातो? डिसेंबरपर्यंत, कारण कृषी केंद्राची उधारी थांबत नाही. मला कुणाच्या हेतूवर शंका घ्यायची नाही. गिरण्यांची अडचण होती, अमेरिकेच्या आयात कराचा फटका होता. पण मुदत मोजून वेचणीवरच यावी, हा योगायोग वऱ्हाडाच्या वाट्याला फार वेळा येतो.

आता त्याच दोन दारांच्या घराचा ताळेबंद मांडा. पाच एकर कोरडवाहू, समजा खारपाणपट्ट्यातलं, मूर्तिजापूर नाहीतर अकोटकडचं. विहिरीला खारं पाणी, म्हणून भाजीपालासुद्धा विकतचा. या घराला पीएम किसानचे 6000 येतात, नमो शेतकरीचे 6000 येतात. या दोन्हींचे मिळून महिन्याला 1000 होतात, म्हणून बहिणीच्या 1500 पैकी 500 येतात. केशरी कार्ड असलं तर माणशी 170. सगळं धरून बरीच रक्कम होते, मी नाकारत नाही. आणि याच घराने वर्षाला दहा-पंधरा क्विंटल सोयाबीन विकलं असेल आणि क्विंटलमागे हमीभावापेक्षा 700-800 कमी मिळाले असतील, तर एका पिकात दहा हजार गेले. कापूस आणि तूर अजून मोजलेले नाहीत. एका हाताने दिलं ते मोबाइलवर टिंग करून आलं, दुसऱ्या हाताने गेलं त्याचा मेसेज आला नाही. एवढाच फरक.

मग शहरातल्या माणसाने, अमरावतीतल्या भाजीवालीने, अकोल्याच्या हमालाने 200 रुपयांची डाळ खायची का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. शेतकरी चळवळीने तो पुष्कळदा टाळला. शेतमजूर बाई तूर पेरत नाही, नुसती विकत घेते. तिला तुरीचा भाव वाढवून द्या म्हणणं म्हणजे तिच्या तोंडातली डाळ काढणं. उत्तर एकच दिसतं. स्वस्त डाळ द्यायची तर तिचा खर्च तिजोरीने उचलायचा, वावराने नव्हे. अकोल्यात हमीभावाने तूर घ्या, अकोल्यातच भरडा, आणि अकोल्याच्याच कंट्रोलवर माणशी किंवा घरटी किलोने द्या. तामिळनाडू तुरीची डाळ 30 रुपये किलोने आणि पामतेल 25 रुपयांनी कार्डावर देतो, तेही गेली कित्येक वर्षं. आणि आपण हे केलेलं नाही असं नाही. 2017 च्या रांगेतली तूर गोदामात पडून होती तेव्हा 2018 मध्ये रेशनवर 35 रुपये किलोने तिची डाळ विकली. लोकांनी नेली. गोदाम रिकामं झालं आणि योजना संपली. धोरण नव्हतंच ते, उंदीर लागण्याआधीची साफसफाई होती. ज्वारीचंही तेच करता येईल. ज्या मुलखात भाकर खातात तिथे पंजाबचा गहू पाठवायचा आणि इथली ज्वारी कोंबडीखाद्यात घालायची, यात कुणाचं भलं आहे?

आणि जिथे रुपयेच द्यायचे, निराधारांना, म्हाताऱ्यांना, केशरी कार्डाला, बहिणींना, तिथे रकमेच्या पुढे एक ओळ लिहा. दर जुलैला शेतमजुरांच्या निर्देशांकाप्रमाणे ही रक्कम बदलेल. एवढी एक ओळ. ती लिहिली की कुठल्याही पुढाऱ्याला वाढीचं श्रेय घेता येणार नाही. लिहिली न जाण्याचं कारणही बहुधा तेच.

पैसा कुठून? हा प्रश्न मागच्या रांगेतून चिठ्ठीवर आला आहे, आणि रास्त आहे. रोजगार हमी योजना आली तेव्हाही हाच प्रश्न होता. तेव्हाच्या लोकांनी त्याचं उत्तर शोधलं होतं. व्यवसाय कर. 1 एप्रिल 1975 पासून लागू झाला आणि कायद्यातच लिहिलं होतं की तो रोजगार हमीच्या खर्चासाठी आहे. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टरने, व्यापाऱ्याने खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा. तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात ना, ते हेच. वर्षाचे 2500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमात या कराची कमाल मर्यादा 250 होती, ती 1988 मध्ये 2500 केली. आज किती आहे? 2500 च. तेव्हा प्राध्यापकाच्या पगारात 2500 केवढे मोठे वाटत असतील आणि आज ते कुठे असतात, हे आपापलं पगारपत्रक काढून बघा. आपला भत्ता वर्षातून दोनदा चढला, आपला हा वाटा 1988 पासून हलला नाही. पेन्शनरांना तर तो लागतच नाही. मला महागाई भत्ता मिळतो आणि हा कर लागत नाही.

ही मर्यादा संसदेने निर्देशांकाला बांधावी, आणि तशी मागणी दुसऱ्या कुणी नव्हे, प्राध्यापकांच्या, शिक्षकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या आणि पेन्शनरांच्या संघटनांनी स्वतःहून करावी, असं मी म्हटलं तर पुढच्या वर्षी संयोजक मला बोलावणार नाहीत. तरी म्हणतो.